वाघोबा, लोकेशन पाठवा!

जगात जर्मनी अन् भारतात परभणी! ही म्हण तर तुम्हाला तोंडपाठ असणारच. पण हे माहीत आहे का, की देशभर गाजलेल्या एका वाघानं आपल्या महादौऱ्यात जुन्या परभणी जिल्ह्याची माती तुडवली होती? आणि त्या दौऱ्याचा तासातासाचा पुरावा आज नकाशावर हजर आहे?

‘जुना’ अशासाठी की हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. वाघाला जिल्ह्यांच्या हद्दीशी काय घेणंदेणं! तो हिंगोलीच्या शिवारात आला, राहिला आणि पुढच्या मुक्कामाला निघून गेला.

कोण हे साहेब? नाव वॉकर. सरकारी दप्तरातलं नाव टी-१ सी-१, म्हणजे टी-१ या वाघिणीचा पहिला बछडा. जन्मगाव यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या पथकानं आणि वन विभागानं त्याला बेशुद्ध करून गळ्यात जीपीएसची रेडिओ कॉलर बांधली. पट्टेदार वाघाला आणखी एक पट्टा!

पावसाळा लागला आणि स्वारी निघाली. विदर्भ, मराठवाडा, मध्येच तेलंगण, परत महाराष्ट्र. नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटरहून जास्त पायपीट! देवगिरी एक्स्प्रेसनं परभणी ते मुंबई साधारण साडेपाचशे किलोमीटर भरतात. असे पाच प्रवास करूनही वॉकरचा हिशेब पुरा होत नाही. तेही विनातिकीट, विनाआरक्षण आणि बहुतेक सगळं रात्री.

कॉलरनं त्याची ५,००० हून जास्त ठिकाणं नोंदवली. शेवटी २०१९ च्या अखेरीस तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि तिथं रमला. क्षेत्रफळ जेमतेम २०५ चौरस किलोमीटर, पण रानडुकरं आणि नीलगाई भरपूर. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर काढण्यात आली.

आता खरी गंमत ऐका. एवढ्या दौऱ्यात तो शेतांतून गेला, वस्त्यांच्या कडेनं गेला, रस्ते ओलांडून गेला. माणसाला इजा किती वेळा झाली? एकदा. तो झुडपात विसावला असताना काही जण आत शिरले आणि त्यांतल्या एकाला किरकोळ जखम झाली. बस्स! हजारो लोकांच्या उशापायथ्यानं वाघ निघून गेला आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. मला विचाराल तर अख्ख्या कहाणीतली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच. किलोमीटरचा आकडा दुसऱ्या नंबरवर.

टिपेश्वरच्या पाण्यातच काहीतरी आहे बहुधा! मार्च २०२१ मध्ये तिथलाच दुसरा एक वाघ सुमारे ३३० किलोमीटर दूर, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात प्रकटला. कित्येक दशकांनंतर त्या जंगलात वाघ दिसला. हा ओळखला कसा? कॅमेरा ट्रॅपच्या फोटोतल्या अंगावरच्या पट्ट्यांवरून. कारण दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. माहीत होतं का?

चला, आता मशिनची ओळख करून घेऊ. जीपीएस म्हणजे ‘गावोगाव पायी सफर’ असं वॉकर म्हणत असेल, पण काम कसं चालतं ते बघा. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत असतात. कॉलरमधला रिसीव्हर किमान चार उपग्रहांचे सिग्नल पकडतो, सिग्नल यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला मात्र वाघाची काहीच खबर नसते. तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत सुटतो!

आइन्स्टाइनसुद्धा या कॉलरमध्ये बसलेला आहे, माहीत आहे का? सापेक्षतेच्या नियमामुळे उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. हा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात लोकेशन १० किलोमीटरच्या आसपास चुकेल. वाघ जिंतूरला आणि ठिपका भलत्याच तालुक्यात!

आणि मे २००० पर्यंत तर अमेरिका सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत असे. चूक १०० मीटरपर्यंत जायची. ती खोट काढून टाकली आणि चूक काही मीटरवर आली. प्राण्यांच्या संशोधकांना लॉटरीच लागली!

इथे एक फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. लॉगर म्हणजे डायरी, ट्रॅकर म्हणजे फोन. लॉगर सगळं स्वतःजवळ लिहून ठेवतो आणि हातात परत आला तरच गुपितं सांगतो. ट्रॅकर मात्र मोबाइल नेटवर्कवरून किंवा उपग्रहावरून घरी खबर देत राहतो. लॉगर स्वस्त, हलका आणि कमी बॅटरी खाणारा. पण प्राणी हरवला तर डायरीही गेली.

वजनाचा नियमही आहे बरं का! पक्ष्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही, असा संशोधकांमधला प्रघात आहे. दीडशे ग्रॅमच्या पक्ष्याला साडेचार ग्रॅमचं यंत्र. तेवढ्यात अँटेना, बॅटरी आणि सोलर पॅनलही बसवायचं!

सुरुवातीची यंत्रं मात्र पैलवानी होती. १९७० मध्ये अमेरिकेत मोनिक नावाच्या एल्क हरिणीला उपग्रहाशी बोलणारी कॉलर बांधली. वजन सुमारे साडेदहा किलो! उपग्रहाचं नाव निंबस-३. गळ्यात एवढा धोंडा घेऊन ती रानात फिरली, आणि तिच्यापासूनच या सगळ्या विद्येचा श्रीगणेशा झाला.

आता तुम्ही म्हणाल, जंगलातल्या प्राण्याचं ठीक आहे. पण प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला जीपीएस कशाला? तो जाणार कुठे?

हाच तर मजेदार प्रश्न! तो कुठे गेला हे विचारायचं नसतंच. तो किती चालला, हे विचारायचं असतं.

उत्तर अमेरिकेतल्या ३० प्राणिसंग्रहालयांतल्या ५६ हत्तिणींच्या पायात जीपीएस लॉगरचं पैंजण बांधून हा हिशेब मांडला गेला. २०१६ मध्ये अभ्यास छापून आला. सरासरी निघाली दिवसाला ५.३ किलोमीटर. आशियाई काय, आफ्रिकी काय, फरक नाही. परभणीतले किती जण सकाळच्या फेरफटक्यात एवढं चालतात, ज्यानं त्यानं आपापलं बघावं!

थांबा, खरा धक्का पुढे आहे. आवार जितकं मोठं तितका हत्ती जास्त चालतो, असंच वाटतं ना? अभ्यासात आवाराच्या आकाराचा आणि चालीचा तसा संबंध सापडलाच नाही. मग काय सापडलं? जेवणाची वेळ! रोज ठरल्या वेळी चारा मिळणाऱ्या हत्तिणींपेक्षा, कधीही अचानक चारा मिळणाऱ्या हत्तिणी दिवसाला १.२९ किलोमीटर जास्त चालल्या. शिवाय वेगवेगळ्या मैत्रिणींच्या गटात मिसळायला मिळालं की चाल वाढायची. म्हणजे भिंत मागे सरकवायला कोट्यवधी रुपये लागतात, पण चारा द्यायची वेळ बदलायला दमडीही लागत नाही. मला हा सगळ्या लेखातला सर्वांत उपयोगी मुद्दा वाटतो. प्राणी सांभाळणाऱ्या प्रत्येकानं तो भिंतीवर लिहून ठेवावा.

एक लोचा मात्र आहे. प्राणी छोट्या आवारात असला की जीपीएसची पाच-दहा मीटरची चूक महागात पडते. हत्ती जागेवर उभा राहून मस्त डुलतोय, आणि ठिपका इकडून तिकडे उड्या मारतोय! त्या सगळ्या उड्यांची बेरीज केली तर न चाललेले किलोमीटरही खात्यावर जमा होतात. म्हणून संशोधक आधी लॉगर एका जागी नुसता ठेवून देतात, तो खोटं किती ‘चालतो’ ते मोजतात, आणि मग प्राण्याच्या हिशेबाला बसतात.

छताखाली तर जीपीएसची बत्तीच गुल. मुंबईच्या राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन आठवा. जुलै २०१६ मध्ये आठ जणांची टोळी दक्षिण कोरियाच्या सोलहून विमानानं आली. त्यांचं घर वातानुकूलित आणि बंदिस्त. तिथं उपग्रहाचा सिग्नल पोचणार कसा? मग डोनाल्ड कोण आणि डेझी कोण? पंखावरच्या रंगीत पट्ट्या बघा आणि ओळखा!

राणीच्या बागेचा विषय निघालाच आहे तर विचारते, माहीत आहे का, तिथं वाघांची जोडी कुठून गेली? आपल्या मराठवाड्यातून! फेब्रुवारी २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा हे दोघं छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून मुंबईत दाखल झाले. वॉकर नऊ महिने चालला. हे दोघे गाडीत बसून थेट मुंबईत. लक आपलं आपलं!

पिंजऱ्यात जन्मलेला प्राणी मोकळा सोडला तर? इथे जीपीएस म्हणजे निव्वळ जादू आहे.

हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली २० गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. निम्मी पेंचला, निम्मी ताडोबाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि वन विभागाचा हा प्रकल्प. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर जीपीएस टॅग चढवून त्यांना आकाश खुलं केलं. आयुष्यात कधी मोकळं न उडालेले पक्षी! काय करतील?

ताडोबातल्या एन-११ नावाच्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडानं उत्तर दिलं. छत्तीसगड, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक करत पठ्ठ्या तमिळनाडूत पोचला. काही महिन्यांत सुमारे ४,००० किलोमीटर! ना आईबापांनी वाट दाखवली, ना थव्यानं. पाठीवर टॅग नसता तर ही भरारी कुणाला कळली असती?

आणि ही गिधाडं पिंजऱ्यात वाढवायची वेळ का आली, तेही सांगायलाच हवं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्के घटली. हजारातलं एक उरलं! जनावरांसाठी या औषधावर भारतानं २००६ मध्ये बंदी घातली. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्या प्रिस्क्रिप्शनवर आकाशातलं काय काय अवलंबून असतं, बघा!

गिअर बदलू. भेटा झीनतला!

झीनत ही ताडोबाची वाघीण. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये नेलं. नवं सासर तिला पसंत पडलं नाही. डिसेंबरमध्ये बाई बाहेर पडल्या. ओडिशातून झारखंड, झारखंडमधून पश्चिम बंगाल. गळ्यातली कॉलर सिग्नल देत होती, मागे वनकर्मचाऱ्यांची फौज. अखेर २९ डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडलं. मग पाहुणचार कुठे? कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात! तिथून पुन्हा सिमिलिपाल. चंद्रपूरची लेक तीन राज्यांच्या ब्रेकिंग न्यूजमध्ये झळकून आली.

बिबट्यांचा दादा कोण? अहो दादा कसला, आजोबा!

२००९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या पथकानं त्याला जीपीएस कॉलर लावली आणि माळशेज घाटात सोडलं. वयस्कर, शांत स्वभावाचा, म्हणून नाव आजोबा. आजोबा निघाले ते थेट मुंबईच्या दिशेनं! रेल्वेचे रूळ, महामार्ग, कारखान्यांचा परिसर, वसईची खाडी, सगळं पार करत सुमारे १२० किलोमीटरवर मुंबईचं बोरिवली नॅशनल पार्क गाठलं. महिन्याभराच्या आत!

पुढे सिनेमाही आला. २०१४ चा ‘आजोबा’, दिग्दर्शक सुजय डहाके, मुख्य भूमिकेत ऊर्मिला मातोंडकर. मराठी बिबट्यानं बॉलिवूडच्या ‘रंगीला’ गर्लला मराठी पडद्यावर आणलं, हा रेकॉर्डही आजोबांच्याच नावे!

शेवट मात्र जीव हलवणारा आहे. २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या वेशीवर महामार्ग ओलांडताना एका गाडीच्या धडकेत आजोबा गेले. कॉलर तोवर गळ्यात नव्हती. ओळख पटली ती कातडीखालच्या मायक्रोचिपवरून.

चिप आणि जीपीएस यांत पुष्कळांची गल्लत होते. तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये बॅटरीच नसते. रीडर अगदी जवळ नेला तरच ती आपला नंबर सांगते. प्राणी कुठे आहे, ते तिला सांगता येत नाही.

असंच आणखी एक. तुमच्या गोठ्यातल्या देवणी गाईच्या नाहीतर लाल कंधारी बैलाच्या कानात पिवळा बिल्ला आहे ना? त्यावर १२ आकडी नंबर असतो. काही जण छातीठोकपणे सांगतात, ‘सरकार यातून जनावराचं लोकेशन बघतं.’ नाही हो! तो नुसता ओळख क्रमांक आहे. त्यात ना चिप, ना उपग्रह. बैल चोरीला गेला तर बिल्ला हाक मारणार नाही.

कॉलर मात्र मेल्यानंतरही बोलते. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड परिसरात एक रेडिओ कॉलर सापडली. वाघ नव्हता, नुसती कॉलर. ती होती श्रीनिवासची. शोध घेतला तर शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्यानं वाघ गेला होता आणि त्याला पुरून टाकलं होतं. श्रीनिवास कुणाचा मुलगा? उमरेड कऱ्हांडल्याच्या जयचा! तोच जय, जो २०१३ मध्ये नागझिऱ्यातून शंभरावर किलोमीटर चालत उमरेडला आला, सगळ्यांचा लाडका झाला आणि एप्रिल २०१६ मध्ये कॉलरसकट गायब झाला. कॉलर म्हणजे कवच नव्हे. कुंपणातला करंट कुणाला ओळखत नाही.

जरा समुद्राकडे वळू. कासव हळू चालतं, ही शाळेतली गोष्ट विसरा!

२०२२ च्या सुरुवातीला कोकणात पाच ऑलिव्ह रिडले कासविणींच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग चिकटवले. नावं तर बघा किती गोड: प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी! २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोघी, बागेश्री आणि गुहा. बागेश्रीनं कमालच केली. कर्नाटक, केरळ मागे टाकलं, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली!

कासव मुळात पाण्याखाली. तिथं सिग्नल शून्य. श्वास घ्यायला वर आलं की तेवढ्या क्षणात टॅग ‘हॅलो’ म्हणून घेतो. अख्ख्या प्रवासाची गोष्ट या श्वासाश्वासातून जोडायची!

उलट्या दिशेचा किस्सा ऐका. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका कासविणीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा साधा टॅग लावला होता. नंबर ०३२३३. ना बॅटरी, ना उपग्रह. जानेवारी २०२४ मध्ये ती अंडी घालायला आली कुठे? गुहागरला! सुमारे ३,५०० किलोमीटरचा फेरा. कधी कधी साधा बिल्लाही महागड्या मशिनच्या वरताण बातमी देतो.

फ्लेमिंगोंची नावं वाचून तर तुम्ही हसाल. २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंना सौरऊर्जेवर चालणारे टॅग लावले. एकाचं नाव हुमायून, एक सलीम, आणि एक चक्क ‘नवी मुंबई’! मुघल-ए-आझम समजू नका. सलीम म्हणजे पक्षितज्ज्ञ सालिम अली आणि हुमायून म्हणजे हुमायून अब्दुलअली.

आता जगभरचा मसाला, फटाफट!

पोलंडमधल्या एका संस्थेनं करकोच्याला सिमकार्डचा ट्रॅकर लावला. करकोचा सुदानला पोचला आणि २०१८ मध्ये संस्थेला फोनचं बिल आलं: १०,००० पोलिश झ्लॉटींहून जास्त! कुणीतरी ट्रॅकर काढून सिम आपल्या फोनमध्ये घातलं आणि वीस तास गप्पा मारल्या. करकोच्याच्या नावावर!

रशियातल्या गरुडांनी तर संशोधकांचा खिसाच फाडला. २०१९ मध्ये त्यांतला एक नेटवर्क नसलेल्या भागात राहिला, त्याच्या ट्रॅकरचे मेसेज साठत गेले आणि तो इराणला पोचताच सगळे एकदम सुटले. दर मेसेजला रोमिंगचा दर! शेवटी लोकांनी वर्गणी काढली आणि मोबाइल कंपनीनंही सवलत दिली.

२०११ मध्ये इस्रायली विद्यापीठाचा टॅग असलेलं गिधाड सौदी अरेबियात उतरलं. त्याला हेर समजून ताब्यात घेतलं गेलं! गिधाडानं तोंड उघडलं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मॅगपाय पक्ष्यांचं काय सांगू! २०२२ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात पाच जणांना सहजी न निघणाऱ्या पट्ट्याचे ट्रॅकर लावले होते. दुसऱ्या मॅगपायनं चोचीनं नेमकी कमकुवत जागा शोधली आणि सोबत्याचा पट्टा सोडवला. काही दिवसांत सगळे मोकळे! डेटा हाती लागला नाही, पण पक्षी एकमेकांना मदत करतात याचा झकास पुरावा लागला.

कबुतरांच्या पाठीवर लॉगर बांधून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काय पाहिलं, माहीत आहे का? घरी परतताना कबुतरं हायवे धरून उडतात आणि चौकात वळतात! वर अख्खं आकाश मोकळं असताना.

सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावर चरणाऱ्या शेळ्यांनाही कॉलर लावल्या. उद्रेकाच्या काही तास आधी शेळ्यांची हालचाल बदलते, असं नोंदवलं गेलं. आपल्या उस्मानाबादी शेळीच्या नातेवाइकांचा हा रुबाब!

रेकॉर्डचा बादशहा अजून राहिलाच. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एका बार-टेल्ड गॉडविट पक्ष्यानं अलास्कातून उड्डाण केलं आणि थेट टास्मानियात उतरला. १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये एकही थांबा नाही. खाणं नाही, पाणी नाही, टेकणं नाही. वय? जेमतेम पाच महिने!

‘हे सगळं लांबचं झालं,’ असं म्हणू नका. जायकवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात, आणि त्याच जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्याच्या शेतांना पाणी देतो. हे हंस हिमालय ओलांडून येतात. त्यांच्यावरच्या यंत्रांनी ७,२९० मीटर उंचीची नोंद केली आहे. काहींच्या शरीरात लॉगर बसवून हृदयाचे ठोकेही मोजले. कळलं ते असं, की हे पक्षी सारखे उंचावर राहत नाहीत. डोंगर आला की वर, दरी आली की खाली. उंचावरच्या विरळ हवेत पंख मारायला जास्त दम लागतो, म्हणून हा चढउतारच स्वस्तात पडतो!

आणि नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट. मणिपूरमध्ये तीन अमूर ससाण्यांना टॅग लावले. अपापांग, अलांग आणि अहू. अलांग ही तरुण मादी सुमारे ५,६०० किलोमीटर उडून केनियाला पोचली. वाटेत थांबली कुठे? एक रात्र तेलंगणात आणि सुमारे तीन तास आपल्या महाराष्ट्रात! साडेसहा दिवसांच्या प्रवासात भारतभूमीवरचा तो शेवटचा आराम. पुढे अख्खा अरबी समुद्र.

परभणीला हे तंत्र परकं नाही, हेही लक्षात घ्या. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ड्रोन, यंत्रमानव आणि स्वयंचलित वाहनांवर आधारलेल्या डिजिटल शेतीचं केंद्र उभं राहिलं. शेतातलं असं वाहन आपली वाट जीपीएसच्या आधारे शोधतं. मग त्याच शेतातून रात्री जाणाऱ्या नीलगाईची, काळविटाची, लांडग्याची वाट आपल्या पोरांनी का शोधू नये? तंत्र हाताशी आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठ आहे. माझं तर ठाम मत आहे, की मराठवाड्याच्या प्राण्यांचा नकाशा मराठवाड्यातच तयार व्हायला हवा.

कारण वॉकरच्या ५,००० ठिपक्यांनी एक गोष्ट ढळढळीत दाखवली. परभणी-हिंगोलीच्या बाजूला जंगल कमी, म्हणून इथं वन्यप्राणी नाहीत, हा समज चुकीचा आहे. त्यांचा रस्ता कापसातून, तुरीतून, नदीनाल्यांच्या काठानं जातो. तुमच्या-आमच्या बांधावरून!

तेव्हा मंडळी, शेवटचं काम तुमचं. शिवारात गळ्यात कॉलर असलेला प्राणी दिसला, पाठीवर अँटेनावाला पक्षी जखमी पडलेला सापडला किंवा नुसता टॅग हाती लागला, तर गर्दी करू नका, प्राण्याच्या मागे धावू नका, यंत्र उघडून आतलं सिम काढू नका. जागा आणि वेळ लिहून ठेवा, लांबून एक फोटो काढा आणि वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री नंबरवर लगेच कळवा. आणि रात्री शेताच्या कुंपणात करंट सोडत असाल, तर तो आजपासून बंद करा.